स्वच्छतेचें अंदाजपत्रक
(नभोवाणीवरील भाषण)

सुखवस्तु गृहस्थ नवें घर बांधावयास काढतो, तेव्हां दिवाणखान्याच्या खिडक्या कशा असाव्या, ओसरीला कोणती फरशी बसवावी, देव्हारा कोणत्या बाजूस ठेवावा, याविषयीं घरांत महिनेच्या महिने खल चालतो. मोरी, संडास व सांडपाण्याचा निचरा यांचा विचार मात्र गवंड्यावर सोपविलेला असतो. आणि पैसा अपुरा पडूं लागला म्हणजे पहिली कात्री तेथेंच लागते. पुढें पहिल्याच पावसाळ्यांत मोरी तुंबते, भिंतीला ओल चढते, मुलें आजारी पडतात, आणि जे शंभर वांचविले त्यांच्या पायीं हजार रुपये वैद्याच्या व गवंड्याच्या पदरांत पडतात. हा अनुभव घरोघरचा आहे; आणि जी एका घराची गोष्ट, तीच सबंध नगराची.

नगराची हवा, पाणी व जमीन शुद्ध राखण्याच्या उद्योगाला हल्लीं ‘पर्यावरण व्यवस्थापन’ असें भारदस्त नांव मिळालें आहे. १९९६ सालीं आंतरराष्ट्रीय मानक संघटनेनें या विषयाचें १४००१ क्रमांकाचें मानक प्रसिद्ध केलें. त्याची एक अट अशी आहे कीं, ही व्यवस्था चालविण्यास लागणारीं माणसें, साधनें व पैसा यांची तरतूद संस्थेच्या चालकांनीं केली पाहिजे. नांव नवें असलें तरी प्रश्न जुनाच आहे. स्वच्छता सर्वांस हवी असते. तिचा खर्च कोणी, किती व किती वर्षें द्यावयाचा, हें ठरवितांना मात्र सर्वांचीं तोंडें फिरतात. या प्रश्नाचीं दोन उत्तरें एकोणिसाव्या शतकाच्या एकाच दशकांत दोन मोठ्या नगरांनीं दिलीं. एक लंडननें, आणि दुसरें मुंबईनें. दोहोंच्या जमाखर्चाची वही उघडून पाहिली तर पुष्कळ बोध होतो.

प्रथम लंडन. त्या नगराची वस्ती तेव्हां पंचवीस लाखांच्या वर गेली होती. घरोघरचा मैला गटारांतून सरळ थेम्स नदींत जाई, आणि कित्येक वर्षें त्याच नदीचें पाणी नळावाटें पुन्हां घरांत येई. १८४८-४९ च्या पटकीच्या सांथींत लंडनमध्यें सुमारें चौदा हजार, आणि १८५३-५४ च्या सांथींत दहा हजारांवर माणसें दगावलीं. १८५५ च्या जुलैंत सुप्रसिद्ध शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे नावेंतून जात असतां त्यांनीं पांढऱ्या पुठ्ठ्याचे तुकडे भिजवून नदींत सोडले. ते पृष्ठभागाखालीं इंचभर जाण्याच्या आंतच दिसेनासे झाले. हा अनुभव त्यांनीं वर्तमानपत्रांत पत्र लिहून जाहीर केला. लोक हळहळले, आणि गोष्ट तेवढ्यावरच राहिली.

असें कां व्हावें? उपाय ठाऊक नव्हता म्हणून नव्हे. जोसेफ बॅझलजेट नांवाच्या इंजिनियरानें आराखडा तयार केला होता. नदीच्या दोन्ही तीरांना समांतर अशा मोठ्या भुयारी गटारी बांधाव्या, नदीकडे येणारा मैला त्यांनीं वाटेंतच अडवावा, तो नगराच्या पूर्वेस दूर न्यावा आणि ओहोटीच्या वेळीं समुद्राकडे सोडावा, अशी ती योजना होती. परंतु १८५५ च्या कायद्यानें जें महानगर बांधकाम मंडळ स्थापन झालें, त्याचे हात बांधलेले होते. पन्नास हजार पौंडांवरील कामास सरकारी खात्याची, आणि एक लाख पौंडांवरील कामास पार्लमेंटची संमति लागे. मैल्याचें तोंड नदीवर नेमकें कोठें सोडावें, आणि तें अधिक दूर न्यावयाचें तर वाढीव खर्च कोणी सोसावा, या वादांत दोन वर्षें निघून गेलीं. आराखडे वर जात व खालीं येत.

मग आला १८५८ चा उन्हाळा. नदीचें पाणी आटलें, उष्णता वाढली, आणि अशी घाण सुटली कीं त्या काळाला इंग्लंडच्या इतिहासांत ‘महादुर्गंधी’ असेंच नांव पडलें. पार्लमेंटची इमारत नदीच्या कांठीं. तिच्या खिडक्यांना चुन्याच्या औषधी पाण्यांत भिजविलेले पडदे लावले, तरी सभासदांना बसवेना. जें चोवीस हजार मृत्यूंनीं झालें नव्हतें, तें सभासदांच्या नाकानें घडवून आणलें. अर्थमंत्री डिझरायली यांनीं विधेयक आणलें, आणि तें अठरा दिवसांत संमत होऊन २ ऑगस्ट १८५८ रोजीं त्याचा कायदा झाला.

या कायद्यांतील पैशाची रचना लक्षांत ठेवण्यासारखी आहे. मंडळास तीस लाख पौंड कर्ज काढण्याचा अधिकार मिळाला. त्या कर्जाला सरकारी खजिन्याची हमी मिळाली, त्यामुळें सावकारांना भीति उरली नाहीं. परतफेडीसाठीं लंडनमधील घरांवर पौंडामागें तीन पेन्स अशी पट्टी चाळीस वर्षांकरितां बसविण्यांत आली. तेव्हां पौंडाचे दोनशें चाळीस पेन्स होत. म्हणजे घराच्या आकारणीच्या ऐशींव्या हिश्शाइतका हा कर होता. शिवाय मंडळाला दर कामासाठीं सरकारी खात्याचें दार ठोठावण्याचें कारण उरलें नाहीं. कर्ज किती, हमी कोणाची, फेड कशांतून, मुदत किती आणि काम करण्याचा अधिकार कोणाचा, या पांचहि प्रश्नांचीं उत्तरें पहिली वीट बसण्यापूर्वींच कागदावर आलीं होतीं.

अंदाज पुरला असें मात्र नाहीं. एकंदर खर्च बेचाळीस लाख पौंडांच्या घरांत गेला. परंतु वाढीव कर्जालाहि रीतसर कायद्याची संमति घेतली गेली, म्हणून काम मध्येंच अडलें नाहीं. ब्याऐशी मैल लांबीच्या मुख्य गटारी आणि त्यांना मिळणाऱ्या अकराशें मैलांच्या रस्त्याखालील गटारी, असा हा पसारा होता, आणि त्याला सुमारें एकतीस कोटि ऐशी लाख विटा लागल्या. १८६६ सालीं पटकी पुन्हां आली, तेव्हां तिनें लंडनच्या पूर्व भागांत हजारों बळी घेतले. नवीं गटारें पुरीं होऊन चालूं व्हावयाचीं राहिलेला भाग तोच होता. इतर लंडन बहुतांशीं बचावलें. पैसा कोठें लागला व त्यानें काय केलें, याचा याहून स्पष्ट ताळेबंद क्वचितच सांपडेल.

तरी या हिशेबांतहि एक कलम राहून गेलें होतें. मैला दूर नेला, पण शुद्ध केला नाहीं. १८७८ च्या सप्टेंबरांत ‘प्रिन्सेस ॲलिस’ ही उतारूंनीं भरलेली बोट मैल्याच्या मुखाजवळच दुसऱ्या जहाजावर आदळून बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें मेलीं. घाणेरड्या पाण्याविषयीं तेव्हां मोठा गवगवा झाला. त्यानंतर गाळ वेगळा करण्याची व्यवस्था करावी लागली, आणि १८८७ पासून तो बोटींतून दूर समुद्रांत नेऊन टाकूं लागले. पुढें तीहि रीत सदोष ठरून बंद पडली. वस्ती वाढत गेली तसा जुन्या गटारांवर भार पडला, आणि थेम्सखालून पंचवीस किलोमीटर लांबीचें नवें भुयार खणावें लागलें. तें २०२५ सालीं पूर्णपणें जोडलें गेलें. स्वच्छतेची वही एकदां उघडली कीं ती मिटत नाहीं.

आतां मुंबई. अमेरिकेंत १८६१ सालीं यादवी युद्ध पेटलें आणि तेथील कापूस बंद झाल्यानें मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. चार वर्षें शहरांत पैशाचा पूर लोटला. नाना तऱ्हेच्या मंडळ्या निघाल्या, समुद्र बुजवून जमीन करण्याच्या शेअरांवर लोकांनीं वाटेल तशा उड्या मारल्या. १८६४ च्या खानेसुमारींत मुंबईची वस्ती ८,१६,५६२ भरली. १८६० सालीं विहार तलावाचें पाणी आलें होतें. पण आलेलें पाणी घाण होऊन जावें कोठें, याची सोय नव्हती. खाजणें, डबकीं, उघडीं गटारें आणि दाट चाळी यांनीं शहर सडत होतें. याच अवस्थेंत १८६५ चा दुसरा कायदा अमलांत आला. शहरांतील जस्टिस ऑफ दि पीस मंडळींची एक सभा म्युनिसिपालिटी म्हणून ठरली, आणि अंमलाचा सारा अधिकार सरकारनें नेमलेल्या एका कमिशनराच्या हातीं आला. हा पहिला कमिशनर म्हणजे आर्थर क्रॉफर्ड. त्याचें वय अवघें तीस.

क्रॉफर्डच्या धडाडीविषयीं त्याच्या शत्रूंनींहि शंका घेतली नाहीं. डॉ. ह्यूलेट या आरोग्याधिकाऱ्याला बरोबर घेऊन त्यानें वर्षांनुवर्षांची घाण उपसली. खळगे भरून काढले, रस्ते रुंद केले, कत्तलखाना १८६७ सालीं शहराबाहेर वांद्र्यास हलविला, आणि १८६९ सालीं ती प्रशस्त मंडई उभी केली जिला पुढें कित्येक पिढ्या क्रॉफर्ड मार्केट म्हणत आल्या. आज तिला महात्मा जोतिबा फुले यांचें नांव आहे. शहर पाहतां पाहतां बदललें, आणि त्या सुधारणेचें श्रेय त्याला त्याच्या काळींच मिळालें.

पण ज्या १८६५ च्या जुलैंत हा कारभार सुरू झाला, त्याच महिन्यांत मुंबईच्या शेअरबाजाराचा डोलारा कोसळला. अमेरिकेंतलें युद्ध संपलें होतें, कापसाचा भाव बसला होता, आणि कालचे लक्षाधीश दिवाळखोरींत निघत होते. म्हणजे कमिशनरानें आंखलेला खर्च भरतीच्या वेळचा, आणि जमा मात्र ओहोटीची. १८७२ च्या खानेसुमारींत शहराची वस्ती ६,४४,४०५ इतकीच भरली. आठ वर्षांपूर्वींच्या मानानें पावणेदोन लाखांनीं कमी. चाळी रिकाम्या पडल्या, भाडीं उतरलीं, आणि खर्चाचा बोजा थोड्या लोकांच्या डोक्यावर येऊन पडला. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्तीची पट्टी, पोलिसपट्टी, गाड्याघोड्यांवरील कर, मैला उचलण्याबद्दल घेतली जाणारी ‘हलालखोर’ पट्टी, शहरांत येणाऱ्या मालावरील जकात, असे एकामागून एक कर देतां देतां मध्यम स्थितीचा गृहस्थ रडकुंडीला आला. इकडे क्रॉफर्ड मंजूर आंकड्याच्या पलीकडे खर्च करीत राहिला. काम चांगलें आहे ना, मग पैशाचें पुढें पाहूं, ही त्याची वृत्ति. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण त्याच्या कानीं कधीं पडलीच नसावी.

याचा शेवट १८७१ सालीं झाला. फोर्ब्स, नौरोजी फर्दुनजी, विश्वनाथ नारायण मंडलीक इत्यादि मंडळींनीं करदात्यांची बाजू हातीं घेतली. टाऊन हॉलमध्यें सभा गाजल्या, हिशेबांची झडती झाली, आणि क्रॉफर्डला जागा सोडावी लागली. गंमत अशी कीं, या गदारोळांत त्याची बाजू घेऊन उभा राहिला तो विलायतेहून नुकताच बॅरिस्टर होऊन आलेला एक हिंदी तरुण. त्याचें नांव फिरोजशहा मेहता. नोव्हेंबर १८७१ मध्यें वाचलेल्या निबंधांत त्यांनीं असें प्रतिपादिलें कीं, दोष एकट्या कमिशनराचा नाहीं. ज्यांनीं त्याच्यावर लक्ष ठेवावयाचें ते जस्टिस सरकारनें नेमलेले, त्यांना लोकांपुढें जाब द्यावयाचा नव्हता, म्हणून लक्ष ठेवण्याचें काम कोणी केलेंच नाहीं. काम करणारा अधिकारी एकच व समर्थ असावा, पण त्याची थैली लोकांनीं निवडलेल्या सभेच्या हातीं असावी, हा त्यांचा सिद्धांत. १८७२ च्या तिसऱ्या कायद्यानें चौसष्ट सभासदांपैकीं बत्तीस करदात्यांनीं निवडावयाचे असें ठरलें, आणि खर्चाची छाननी करण्यास एक लहान समितिहि नेमली गेली. एका तुटीच्या अंदाजपत्रकांतून मुंबईच्या नागरिक स्वराज्याचा असा जन्म झाला.

पुढें १८८८ च्या म्युनिसिपल कायद्यानें ही शिस्त आणखी पक्की केली. अंदाजपत्रकांत तरतूद असल्यावांचून निधींतून पैसा काढतां येऊं नये, कर्जाच्या फेडीसाठीं दरवर्षीं वेगळी रक्कम बाजूला पडावी, आणि वर्षाअखेर एक लाख रुपयांहून कमी शिल्लक राहणार नाहीं असें अंदाजपत्रक असावें, अशीं कलमें त्यांत आलीं. क्रॉफर्डची स्वतःची कहाणीहि याच सुमारास पुण्यांत संपली. तो तेथें विभागाचा कमिशनर असतांना त्याच्यावर लांचलुचपतीचे आरोप येऊन १८८८ सालीं चौकशी झाली. लांच घेतल्याचे आरोप मंडळानें शाबीत धरले नाहींत. परंतु आपल्याच अंमलाखालील लोकांकडून त्यानें कर्जें काढल्याचें सिद्ध झालें, आणि त्याला नोकरी सोडावी लागली. शहराच्या थैलीला जो रोग जडला होता, तोच गृहस्थाच्या खाजगी थैलीलाहि असावा हें विलक्षण खरें.

तथापि या गोष्टीवरून काटकसर तेवढी भली, असा निष्कर्ष काढणें घातक होईल. क्रॉफर्डनंतर खर्चाची धास्ती बसली. सबंध शहराच्या भुयारी गटारांची योजना वर्षांनुवर्षें वादांत व तुकड्यातुकड्यांनीं चालली. १८९६ सालीं मांडवी भागांत ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग, उद्भवला. दाट चाळी, काळोख्या खोल्या, अपुरा निचरा आणि धान्याच्या वखारींतील उंदीर यांनीं त्याला आश्रय दिला. लाखों लोक शहर सोडून पळाले, व्यापार बसला, आणि सांथ पुण्याकडे व पुढें देशभर पसरली. मग १८९८ सालीं शहर सुधारणा ट्रस्ट स्थापून, कर्जें काढून, त्याच वस्त्या पाडण्याचें व रस्ते काढण्याचें काम करावें लागलें. उधळपट्टीनें पैसा जातो. अवेळच्या काटकसरीनें पैसाहि जातो आणि माणसेंहि जातात.

या दोन नगरांच्या वह्या शेजारीं शेजारीं ठेवल्या म्हणजे स्वच्छतेच्या अंदाजपत्रकाचीं चार खातीं स्पष्ट दिसतात. संसारांत चतुर गृहिणी महिन्याचा पगार हातीं येतांच त्याच्या वेगवेगळ्या पुड्या बांधते. हीं खातीं तशींच होत. पहिलें बांधणीचें. गटारें, टाक्या, पंप, जमीन, यंत्रें यांचा हा मोठा पण एकदांचा खर्च. तो पुढील पिढ्यांच्याहि उपयोगीं पडतो, म्हणून त्यासाठीं कर्ज काढणें न्याय्य आहे. दुसरें चालविण्याचें. वीज, औषधी द्रव्यें, दुरुस्ती, तपासणी आणि माणसांचे पगार हा खर्च रोजचा. तो रोजच्या उत्पन्नांतूनच भागला पाहिजे. यासाठीं जो कर्ज काढतो तो ऋण काढून सण करतो. तिसरें झिजेचें व फेडीचें. यंत्र आज चालतें म्हणून पंधरा वर्षांनीं तें चालेलच असें नाहीं. जुन्याची झीज आणि कर्जाचा हप्ता यांसाठीं दरवर्षीं रक्कम बाजूला पडली पाहिजे. चौथें गंगाजळीचें. पूर, सांथ, दुष्काळ हे सांगून येत नाहींत. तेव्हां तहान लागल्यावर विहीर खणण्याची पाळी येऊं नये.

बहुतेक ठिकाणीं पहिल्या खात्याचा समारंभ होतो आणि दुसऱ्याची आठवण राहत नाहीं. नव्या केंद्राचें उद्‌घाटन, कोनशिला, हारतुरे हें सारें बांधणीच्या वेळीं. पुढें विजेचें बिल थकतें, रसायनें संपतात, तंत्रज्ञाची जागा रिकामी राहते, आणि कोट्यवधींचें यंत्र गंजूं लागतें. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या आंकड्यांप्रमाणें भारतांतील नागरी भागांत दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी निर्माण होत होतें. तें शुद्ध करण्याची उभारलेली शक्ति होती ३१,८४१ दशलक्ष लिटरांची. आणि प्रत्यक्ष शुद्ध होत होतें २०,२३६ दशलक्ष लिटर. म्हणजे निम्म्याहून अधिक मैल्यासाठीं यंत्रच नाहीं हें एक दुःख, आणि जें यंत्र आहे त्याच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक शक्ति पडून आहे हें दुसरें. पहिलें दुःख गरिबीचें म्हणतां येईल; दुसरें निव्वळ हिशेबाच्या चुकीचें आहे.

पैसा उभा करण्याचे मार्गहि आतां पुष्कळ झाले आहेत. अहमदाबाद महानगरपालिकेनें १९९८ सालीं सरकारी हमीवांचून, केवळ आपल्या पतीवर, शंभर कोटि रुपयांचे कर्जरोखे विकले. पुणें महानगरपालिकेनें २०१७ च्या जूनमध्यें पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठीं दोनशें कोटि रुपयांचे रोखे दहा वर्षांच्या मुदतीनें, शेंकडा ७.५९ व्याजानें काढले. नगरपालिकेची वही स्वच्छ असेल तरच अशी पत मिळते. वर्षानुवर्षें हिशेबतपासणी न झालेल्या संस्थेच्या दारांत सावकार उभा राहत नाहीं. नागपुरानें आणखी निराळी युक्ति केली. शहराचें मैलापाणी शुद्ध करून कोराडी येथील वीजकेंद्रास देण्याची व्यवस्था तेथें झाली. ज्या पाण्याला कालपर्यंत पैसे देऊन वाहून न्यावें लागे, त्यालाच गिऱ्हाईक मिळालें, आणि तितकें गोडें पाणी लोकांसाठीं वांचलें.

पण पैसा मंजूर होणें आणि काम होणें या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पुण्याच्या मुळा व मुठा नद्या शुद्ध करण्यासाठीं जपानच्या साहाय्यानें ९९०.२६ कोटि रुपयांची योजना २०१६ सालीं मंजूर झाली. तिच्यांतील शेंकडा पंच्याऐशी भाग केंद्र सरकारचा. इतकी सोय असूनहि जागा, निविदा व मंजुऱ्या यांच्या गुंत्यांत वर्षें गेलीं, बांधकामास हात उशिरां लागला, आणि तोंवर खर्चाचा आंकडाहि चढला. काळ हाहि एक सावकार आहे, आणि त्याचें व्याज सर्वांत जबर असतें.

याच्या उलट सुरतचें उदाहरण. १९९४ च्या सप्टेंबरांत तेथें प्लेगची आवई उठली आणि लाखों लोक शहर सोडून गेले. पुढील वर्षीं एस. आर. राव हे आयुक्त आले. त्यांनीं शहराचे विभाग पाडले, प्रत्येक विभागाच्या अधिकाऱ्याला अधिकार व जबाबदारी दोन्ही दिलीं, वरिष्ठांना रोज सकाळीं खुर्ची सोडून रस्त्यावर उतरविलें, आणि कसुरीबद्दल दंड घ्यावयास लहानथोर पाहिलें नाहीं. माणसें बहुतेक तींच, झाडूहि तेच. पण दोन वर्षांच्या आंत तें शहर देशांतील अत्यंत स्वच्छ नगरांत गणलें जाऊं लागलें. साधनसामग्री म्हणजे केवळ रोकड नव्हे, हें सुरतनें दाखविलें.

आणि साधनसामग्रीचा विचार करतांना जें माणूस सर्वांत शेवटीं आठवतें, तें सर्वांत आधीं आठवलें पाहिजे. जुन्या मुंबईंत ‘हलालखोर’ पट्टी घरमालकाकडून वसूल होई, आणि डोक्यावरून मैला वाहणाऱ्याच्या हातीं मात्र तुटपुंजी मजुरी पडे. २०१३ सालीं कायद्यानें हातानें मैला उचलविण्याची प्रथा पूर्ण निषिद्ध ठरविली. तरी त्यानंतरहि भुयारी गटारांत व टाक्यांत उतरून गुदमरून मेलेल्या कामगारांच्या बातम्या येतच राहिल्या. यंत्र महाग पडतें म्हणून माणूस उतरविला जातो. अंदाजपत्रकांत ज्या यंत्राची किंमत मांडलेली नसते, ती किंमत कोणाच्या तरी घरची चूल विझवून वसूल केली जाते. जें अंदाजपत्रक हें कलम वगळतें, तें आंकड्यांनीं जुळलें तरी न्यायानें जुळत नाहीं.

हें सर्व नगरपित्यांचें काम, गृहस्थानें त्यांत काय करावें, असा प्रश्न कोणी विचारील. मुंबईचा इतिहास त्याचें उत्तर देतो. क्रॉफर्डच्या वेळीं सहा वर्षें कोणी वही उघडून पाहिली नाहीं. आणि पाहिली तेव्हां फार उशीर झाला होता. आपल्याकडे दरवर्षीं उन्हाळ्याच्या तोंडाला नगरपालिकांचीं अंदाजपत्रकें प्रसिद्ध होतात. महाराष्ट्रांतील महानगरपालिकांना शहराच्या पर्यावरणाच्या स्थितीचा वार्षिक अहवालहि मांडावा लागतो. वर्तमानपत्रांत नव्या करांचा मथळा वाचून सुशिक्षित गृहस्थ संतापतो आणि पान उलटतो. त्यानें तें पान आणखी थोडा वेळ उघडें ठेवावें आणि तीन गोष्टी शोधाव्या. गेल्या वर्षीं स्वच्छतेसाठीं किती रक्कम ठेविली होती, आणि तींतील प्रत्यक्ष किती खर्ची पडली? जें यंत्र बांधलें, तें चालविण्यास या वर्षीं काय तरतूद आहे? आणि कर भरणाऱ्या चाळीच्या वांट्याला जें गटार आलें, तें बंगल्याच्या वांट्याला आलेल्या गटारासारखेंच आहे काय? हे तीन प्रश्न विचारणारीं शंभर घरें एका प्रभागांत निघालीं, तर त्या प्रभागाच्या सभासदाला उत्तरें तयार ठेवावीं लागतील.

करावर चिडणें सोपें आहे. पौंडामागें तीन पेन्स देतांना लंडनचा गृहस्थहि कुरकुरलाच असेल. पण ज्या नातवंडांनीं पटकी हा शब्द केवळ पुस्तकांत वाचला, त्यांच्या निरोगी आयुष्याचे हप्ते तो भरीत होता. मोरीचा खर्च दिवाणखान्यांत दिसत नाहीं. तो दिसतो घरांतील मुलांच्या चेहऱ्यावर. नगराचा गृहस्थ आणि नगराचा कारभारी या दोघांनींहि हें ओळखून वही मांडावी, तिची बेरीज वेळेवर पाहावी, आणि ती पुढच्या पिढीच्या हातीं तूट न ठेवतां द्यावी, हेंच योग्य होय.